शिबिरानंतरचे गाव

रब्बीच्या पेरण्या आटोपून थंडी पडू लागली, की महाराष्ट्रातील महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे गावोगाव सुरू होतात. गावच्या शाळेत, समाजमंदिरात किंवा देवळाच्या धर्मशाळेत मुक्काम, पहाटे प्रार्थना आणि व्यायाम, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान व गटचर्चा, सायंकाळी घरोघर जाऊन सर्वेक्षण आणि रात्री गावकऱ्यांसमोर पथनाट्य, पोवाडा किंवा भारूड, असा त्यांचा दिनक्रम साधारणपणे ठरलेला असतो. स्वयंपाक, भांडी, झाडलोट आणि स्वच्छतागृहांची सफाई ही कामे गट पाडून, मुलामुलींनी मिळून आणि आळीपाळीने करावीत अशी अपेक्षा असते, आणि अनेकांच्या आयुष्यात असे काम स्वतःच्या हाताने करण्याची ती पहिलीच वेळ ठरते. सातव्या दिवशी सरपंच आणि प्राचार्यांच्या उपस्थितीत समारोप होतो, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि शिबिर उठते.

अशा उपक्रमांचे मूल्यमापन बहुधा या सात दिवसांपुरतेच होते. किती खड्डे खणले, किती रोपे लावली, किती बंधारे घातले आणि किती घरांना भेटी दिल्या, यांचे आकडे अहवालात जातात व अहवाल विद्यापीठात जातो. विद्यार्थ्यांच्या सामाजिक कार्याचा कस मात्र शिबिर उठल्यानंतर लागतो. लावलेले रोप तिसऱ्या उन्हाळ्यात जिवंत आहे काय, उपसलेल्या विहिरीत पुन्हा कचरा पडू लागला काय, आणि गावाविषयी गोळा केलेली माहिती गावाच्या हाती राहिली काय, हे प्रश्न आठव्या दिवसापासून सुरू होतात. सामाजिक जबाबदारी, पर्यावरणरक्षण आणि स्थानिक वारसा हे विषय परिपत्रकांत वेगवेगळ्या शीर्षकांखाली येतात, परंतु गावाच्या शिवारात उतरल्यावर ते एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. ते एकत्र साधायचे असतील तर दोन गोष्टींना पर्याय नाही: फावडे उचलण्याआधी त्या जागेची नोंद करणे, आणि एका तुकडीने सुरू केलेल्या कामाकडे पुढच्या तुकडीने परत येणे. महाराष्ट्रातील गेल्या शतकभराचा अनुभव याच दोन गोष्टींकडे बोट दाखवतो.

कल्पनेची घडण

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत आणि सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह सुरू झाली. तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी तिचा आरंभ केला. तिच्यामागे दोन दशकांची चर्चा होती. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांच्या राष्ट्रसेवेची शिफारस केली होती, आणि १९५९ मध्ये डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली गेली. महाडजवळच्या नाते येथे जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर केंद्रीय अर्थमंत्री झालेले देशमुख यांच्या समितीने शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकासाठी नऊ महिने ते एक वर्षाची सक्तीची सेवा सुचवली. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणींमुळे ती मान्य झाली नाही, पुढे डॉ. के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतील अनुभवांचा अभ्यास करून ऐच्छिक सेवेचा मार्ग सुचवला आणि १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेची जोड असावी असे मत मांडले. आजची योजना ही सक्ती आणि स्वेच्छा यांच्यात काढलेली वाट आहे.

महाराष्ट्रात या विचाराला सरकारी योजनेच्या आधीची जमीन होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने आणि साताऱ्याच्या छत्रपती शाहू बोर्डिंगने मुलांना स्वतःच्या श्रमावर, एका पंक्तीत जेवून, जातीची बंधने मोडून शिकण्याची सवय लावली, आणि त्यातून ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत रूढ झाली. गाडगे महाराजांनी खराट्याला लोकशिक्षणाचे साधन केले. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाच्या उभारणीचा विचार मांडला. १९४१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शाखा, सेवापथक आणि कलापथक यांच्या जोरावर तरुणांना गावात नेले. कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैला सफाईच्या कामाला जातीच्या विळख्यातून सोडवण्यासाठी प्रयोग केले. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली आणि पुढील दशकांत देशभरातील तरुण मे महिन्याच्या उन्हात तेथे श्रमासाठी येऊ लागले. या सर्व प्रयत्नांत श्रम हे दान मानले गेले नव्हते. श्रम करणाऱ्याचे स्वतःचे शिक्षण हा त्यांचा पहिला हेतू होता.

राष्ट्रीय सेवा योजनेची चौकट या वारशाला तासांच्या हिशेबात बसवते. स्वयंसेवक विद्यार्थ्याने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. साधारणपणे शंभर विद्यार्थ्यांचे एक एकक, त्यावर कार्यक्रम अधिकारी म्हणून एक प्राध्यापक, आणि कामासाठी निवडलेले एक दत्तक गाव किंवा शहरातील एखादी वस्ती, अशी रचना असते. दत्तक या शब्दात गावाला पोरके आणि महाविद्यालयाला पालक ठरवण्याचा धोका आहे, पण नियमाचा हेतू वेगळा आहे: एककाने दरवर्षी नवे गाव न शोधता एकाच जागी सलग काम करावे. सात दिवसांचे विशेष शिबिर त्या सलग कामाचा कळस ठरावे अशी योजना होती. बऱ्याच ठिकाणी कळस उभा राहतो आणि त्याखालचे वर्षभराचे काम राहून जाते.

सेवाग्रामची पद्धत

सलग कामाचे मोल ज्या संस्थेच्या रचनेतच आहे, ती याच १९६९ साली सुरू झालेली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था होय. डॉ. सुशीला नायर यांनी वर्धा जिल्ह्यातील या ग्रामीण भागात वैद्यकीय महाविद्यालय उभारले, तेव्हा डॉक्टर गावात का जात नाहीत या प्रश्नाचे उत्तर प्रवेशाच्या दिवसापासून शोधायचे ठरले. येथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा परिचय-निवास गांधीजींच्या आश्रमात होतो, आणि त्यानंतर संपूर्ण तुकडी जवळच्या एका गावात सामाजिक सेवा शिबिरासाठी मुक्कामाला जाते. त्या गावातील काही कुटुंबे प्रत्येक विद्यार्थ्याकडे सोपवली जातात. घरातील माणसे, त्यांचे वय, आहार, पिण्याच्या पाण्याचा स्रोत, शौचाची सोय, गरोदर स्त्रिया, लहान मुलांचे लसीकरण आणि जुने आजार यांची माहिती तो विद्यार्थी स्वतः लिहून घेतो.

या पद्धतीचे वेगळेपण शिबिरानंतर दिसते. तीच तुकडी पुढील वर्षांत नियमितपणे त्याच गावात जाते आणि प्रत्येक विद्यार्थी त्याच कुटुंबांना भेटत राहतो. पहिल्या भेटीत नोंदवलेल्या अशक्त मुलाचे वजन पुढे वाढले की नाही, गरोदर म्हणून नोंद झालेल्या स्त्रीचे बाळंतपण कोठे झाले, क्षयाचा रुग्ण औषध पूर्ण करतो की मध्येच सोडतो, हे पाहण्याची जबाबदारी पाठ्यपुस्तकाऐवजी एका ओळखीच्या घराच्या रूपाने त्याच्यासमोर उभी राहते. संस्थेने गावकऱ्यांच्या सहभागातून आरोग्यविम्याची जी योजना चालवली, तिची वर्गणी सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपात भरण्याची मुभा होती. ज्या घरात पैसा वर्षातून एकदाच, पीक आल्यावर येतो, तेथे विम्याचा हप्ता दरमहा मागण्यात अर्थ नाही, हे घराघरांशी ओळख असल्यावाचून सुचले नसते.

सेवाग्रामचा अनुभव प्रत्येक महाविद्यालयाला जसाच्या तसा उचलता येणार नाही, कारण तेथे रुग्णालय आणि अध्यापकवर्ग पाठीशी आहे. मात्र त्यातील तत्त्व कोणत्याही कला किंवा वाणिज्य महाविद्यालयाला परवडणारे आहे. एका विद्यार्थ्याकडे चार कुटुंबे, एक वही आणि दोन वर्षांतील ठरावीक भेटी एवढ्यावर वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचे अर्ज, शाळा सोडलेल्या मुलींची यादी, शिधापत्रिकेतील चुका आणि रोजगार हमीच्या मजुरीची थकबाकी ही कामे मार्गी लागू शकतात. आज महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा मोठा भाग स्वतःच खेड्यातून येतो, त्यामुळे शहरातील मुले गाव पाहायला जातात हे शिबिराचे जुने चित्र बदललेले आहे. शेतात राबलेल्या मुलामुलींना शिबिरातील कुदळ नवी नसते. त्यांच्यासाठी नवे असते ते स्वतःच्या गावासारख्याच दुसऱ्या गावाकडे प्रश्न विचारणाऱ्याच्या नजरेने पाहणे आणि मिळालेली उत्तरे लिहून ठेवणे.

पाणी, झाड आणि सण

पर्यावरणविषयक उपक्रमांत विद्यार्थ्यांच्या वाट्याला सर्वाधिक येणारे काम म्हणजे पाणी अडवणे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसॉल्टने, व्यापलेला आहे. या खडकात पाणी वाळूसारखे सर्वत्र मुरत नाही, तर वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगांत साठते. म्हणूनच बंधारा कोठे घालावा हा प्रश्न श्रमाइतकाच भूशास्त्राचा आहे. पावसाळा संपताना ओढ्यात वाहणारे पाणी अडवण्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती किंवा वाळू भरून रचलेला वनराई बंधारा हे शिबिरांचे आवडते काम आहे. मोहन धारिया यांनी स्थापन केलेल्या वनराई संस्थेवरून त्याला हे नाव मिळाले. तो स्वस्त आहे, एका दिवसात उभा राहतो आणि जवळच्या विहिरींना रब्बीच्या हंगामात आधार देतो. तथापि, डिसेंबरच्या अखेरीस ओढाच आटलेला असेल तर तो घालण्यात अर्थ उरत नाही, आणि पुढच्या पावसाळ्याआधी पोती काढली नाहीत तर प्लास्टिकचे धागे ओढ्यातून नदीत जातात. काम परीक्षेच्या वेळापत्रकावर ठरते की पाण्याच्या, यावर त्याचे फळ अवलंबून असते.

बंधाऱ्याचा उपयोग झाला की नाही हे सांगणारी गोष्ट म्हणजे विहिरीची पाणीपातळी, आणि ती मोजण्यासाठी लागतात फक्त एक मोजपट्टी आणि सातत्य. विहिरीच्या काठावरील एक खूण ठरवून तेथपासून पाण्यापर्यंतचे अंतर पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात मोजले, पाच वर्षे मोजले, तर गावाच्या हाती पाण्याचा ताळेबंद मांडण्याचे साधन येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पावसाच्या मोजमापावरून पिकांचे नियोजन ठरवण्याची जी शिस्त ग्रामसभेत रुजवली, तिचा पाया असा रोजच्या नोंदींचाच आहे. महाराष्ट्राच्या नववीच्या अभ्यासक्रमात २०२० पासून ‘जलसुरक्षा’ हा विषय आला आहे. त्यातील प्रात्यक्षिक गावच्या खऱ्या विहिरीवर झाले, तर शाळेची वही ग्रामपंचायतीच्या उपयोगी पडेल.

वृक्षारोपणाबाबत हाच मुद्दा अधिक तीव्रतेने पुढे येतो. राज्य शासनाने २०१६ मध्ये २ कोटी, पुढील वर्षी ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले, आणि या मोहिमांत शाळा-महाविद्यालयांचा मोठा सहभाग होता. रोप लावणे हे काही मिनिटांचे काम आहे. उन्हाळ्यात खड्डा घेऊन तापू देणे, जनावरांपासून कुंपण करणे, पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालणे आणि मेलेल्या जागी दुसरे रोप लावणे हे काही वर्षांचे. कोणते झाड कोठे लावावे हाही विवेक त्यात आहे. भराभर वाढतात म्हणून लावलेली गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा निलगिरी ही झाडे स्थानिक पक्षी-कीटकांना वड, उंबर, पळस, करंज किंवा जांभळासारखा आसरा देत नाहीत. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील माळराने तर ओसाड जागा नसून गवताळ परिसंस्था आहेत. माळढोक, धाविक, लांडगा आणि चिंकारा यांचे जीवन उघड्या गवतावर अवलंबून आहे, आणि मेंढपाळांची चराईही त्यावरच चालते. तेथे खड्डे खणून झाडे लावणे म्हणजे चांगल्या हेतूने केलेली हानी होय. अशा ठिकाणी विद्यार्थ्यांनी गवताच्या जाती ओळखाव्यात, वणवे रोखण्यास मदत करावी आणि झाडे गावठाणात, शाळेच्या आवारात किंवा ओढ्याकाठी लावावीत.

सणांच्या काळात विद्यार्थ्यांचे काम लोकांच्या श्रद्धेला थेट भिडते आणि म्हणून ते अधिक नाजूक असते. गणेशविसर्जनाच्या घाटांवर निर्माल्य गोळा करण्यासाठी आणि मूर्तिदानाचे आवाहन करण्यासाठी अनेक शहरांत स्वयंसेवक उभे राहतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या काळात ही मूर्तिदानाची मोहीम पुढे नेली, तेव्हा तिला विरोधही झाला. सातत्याने, नम्रपणे आणि नदीच्या पाण्याची स्थिती समजावून सांगितल्यावर अनेक कुटुंबांनी हा पर्याय स्वीकारला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरच्या घरी बादलीत विरघळवण्यासाठी अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणाची पद्धत दिली. त्यात तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसते आणि वर उरणारे अमोनियम सल्फेटचे पाणी खत म्हणून वापरता येते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आपला विषय आळीतल्या लोकांना समजावून सांगण्याची याहून चांगली संधी क्वचितच मिळते. आषाढी वारीच्या मार्गावरही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे स्वयंसेवक स्वच्छतेच्या कामात उतरले आहेत. पालखी पुढे गेल्यावर मागे राहणाऱ्या पत्रावळी उचलून त्यांचे खत करण्याचे काम वारकऱ्यांनाही आपलेसे वाटते, कारण ते वारीच्या सेवाभावाशी जुळणारे आहे.

पायऱ्यांच्या विहिरी आणि गावाची स्मृती

वारसा म्हटला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर प्रथम किल्ले येतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा दुर्गांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर, लोहगड, प्रतापगड, पन्हाळा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रात असून बारावा जिंजी तमिळनाडूत आहे. या सन्मानाने गडांवरील वर्दळ वाढेल आणि स्वच्छतेपासून मार्गदर्शनापर्यंत विद्यार्थ्यांच्या मदतीची गरजही वाढेल. मात्र बहुसंख्य गावांजवळ जागतिक यादीतला गड नसतो. तेथे असतात बारव, वीरगळ, पडके मंदिर, जुना वाडा, दीपमाळ आणि दगडी चौथऱ्यावरची अनामिक शिळा. कोणतेही खाते त्यांची पुरेशी निगा राखू शकत नाही इतकी त्यांची संख्या मोठी आहे, आणि म्हणूनच विद्यार्थ्यांच्या कामाला येथे खरा वाव आहे.

बारव म्हणजे पाण्यापर्यंत उतरण्यासाठी पायऱ्या असलेली बांधीव विहीर. महाराष्ट्रात यादवकाळापासून मराठाकाळापर्यंत अशा असंख्य विहिरी बांधल्या गेल्या आणि अहिल्यादेवी होळकरांनीही अनेक ठिकाणी त्या बांधवल्या. सातारा जिल्ह्यातील लिंब येथील बारा मोटेची विहीर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, छत्रपती शाहूंच्या काळात, आमराईला पाणी देण्यासाठी बांधली गेली आणि तिच्यावर एका वेळी बारा मोटा चालण्याची सोय आहे. परभणी जिल्ह्यातील वालूर येथे पायऱ्या चक्राकार फिरत खाली उतरतात. भिंतीतील कोनाड्यांत, म्हणजे देवकोष्ठांत, देवतांच्या मूर्ती असतात, आणि अनेक ठिकाणी सात आसरांची, म्हणजे पाण्याच्या लोकदेवतांची, पूजा अजूनही चालते. अलीकडच्या वर्षांत राज्यभर बारवांची नोंद, सफाई आणि महाशिवरात्रीला दीपोत्सव अशी लोकचळवळ उभी राहिली असून तरुणांचा तिच्यात मोठा वाटा आहे. बारव स्वच्छ झाली तर वास्तू वाचते, भूजलाचा एक स्रोत मोकळा होतो आणि गावाला एकत्र बसण्याची जागा मिळते. सेवा, परिसर आणि वारसा यांची एकाच ठिकाणी पडलेली ही गाठ आहे.

या कामात उत्साहाइतकेच ज्ञान लागते. खोल, बंदिस्त आणि वर्षानुवर्षे न वापरलेल्या विहिरीत विषारी वायू साचलेला असू शकतो, म्हणून तपासणीशिवाय विद्यार्थ्यांना खाली उतरवू नये. दगडांच्या सांध्यांत रुजलेला पिंपळ किंवा वड ओढून काढला तर मुळांबरोबर दगडही निखळतो. तो जाणकारांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने मारावा लागतो. चुन्याच्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा देणे, कोरीव दगडाला ऑइल पेंट फासणे किंवा शिलालेख स्पष्ट दिसावा म्हणून त्यावर खडू घासणे ही कामे वास्तूचे नुकसान करतात. स्मारक केंद्र संरक्षित असेल तर १९५८ चा आणि राज्य संरक्षित असेल तर १९६० चा कायदा लागू होतो व पुरातत्त्व खात्याच्या परवानगीविना हस्तक्षेप करता येत नाही. गाळात नाणी किंवा मौल्यवान वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. हे नियम शिबिराच्या पहिल्या दिवशी शिकवले, तर त्यांतून कायद्याचे एक जिवंत प्रात्यक्षिकच होते.

गावाच्या वेशीवरील वीरगळ हा असाच दुर्लक्षित दस्तऐवज आहे. युद्धात, दरोड्यात किंवा गाई वाचवताना पडलेल्या वीराचे हे स्मारक बहुधा तीन-चार चौकटींत कोरलेले असते: खालच्या चौकटीत लढाई आणि मृत्यू, त्यावर अप्सरांनी वीराला स्वर्गात नेणे, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि कडेला चंद्रसूर्य. कोकणात आढळणाऱ्या गद्धेगाळ या शिळेवर शिलाहारकालीन दानलेखाबरोबर दान मोडणाऱ्यासाठी गाढवाच्या आकृतीतून कोरलेली शापवाणी असते. शिळेची जागा, दिशा, उंची, छायाचित्र, आणि गावातील वृद्ध तिच्याविषयी सांगतात ती कथा, एवढी माहिती विद्यार्थी बिनचूक नोंदवू शकतात. इतिहास आणि गावची कथा यांत फरक असू शकतो, आणि दोन्ही स्वतंत्रपणे लिहून ठेवणे हा संशोधनाचा पहिला धडा आहे.

वारशाच्या नोंदीत गौरवाबरोबर अन्यायही आला पाहिजे. ज्या पाणवठ्याच्या कोरीव पायऱ्यांचे कौतुक केले जाते, त्या पायऱ्या गावातील सर्वांना उतरण्यासाठी खुल्या होत्या काय, हा प्रश्न महाराष्ट्रात टाळता येत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने संमत केल्यानंतरही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला, आणि त्यानंतर साडेचार दशकांनी डॉ. बाबा आढाव यांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम हाती घ्यावी लागली. बारव साफ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी गावातील सर्व वस्त्यांवर जाऊन, पूर्वी कोण कोठून पाणी भरत असे हे विचारून लिहून घेतले, तर त्यांच्या हाती वास्तूचा पूर्ण इतिहास येईल. ज्या वारशात गावातील प्रत्येकाला आपली जागा सापडते, तोच जपण्यासाठी सारे गाव पुढे येते.

नोंद: तिन्ही कामांचा दुवा

पर्यावरण आणि वारसा यांना जोडणारा अभ्यास महाराष्ट्रात पाच दशकांपूर्वीच झाला होता. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांची, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या वनांची, पाहणी करून दाखवून दिले, की धर्मभावनेने राखलेल्या या तुकड्यांत आसपास नष्ट झालेल्या वृक्ष-वेली टिकून आहेत. झाड तोडायचे नाही, पालापाचोळाही उचलायचा नाही, हे गावाचे नियम परिसंस्थेचे संरक्षण करत होते. पुढे गाडगीळ यांनी विद्यार्थी, शिक्षक आणि गावकरी यांनी मिळून गावातील जैवविविधता व तिच्याविषयीचे पारंपरिक ज्ञान नोंदवावे असा आग्रह धरला, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर ‘लोक जैवविविधता नोंदवही’ हा प्रत्येक स्थानिक संस्थेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या कामाचा भाग झाला. गावातील पिकांचे वाण, रानभाज्या, औषधी वनस्पती, मासे, पाळीव जनावरांच्या जाती, त्यांची स्थानिक नावे आणि ते जाणणारी माणसे यांची ही वही असते. राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घालून दिल्यावर अनेक नोंदवह्या घाईने पूर्ण झाल्या. त्यांतील त्रुटी भरून काढणे, ऋतूनुसार माहिती अद्ययावत ठेवणे हे काम जवळच्या महाविद्यालयाइतके चांगले कोण करू शकेल? त्यात एक पथ्य मात्र पाळले पाहिजे: ज्ञान देणाऱ्याची संमती घ्यावी, आणि नोंदीवरील पहिला हक्क गावाचा राहावा.

श्रेयांकांच्या पलीकडे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्राच्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प, सामुदायिक सहभाग प्रकल्प आणि सहअभ्यासक्रम यांना श्रेयांक, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर आधारित गुणभार, देण्यात आले आहेत. सेवेला अभ्यासक्रमात अधिकृत स्थान मिळाले, हे चांगलेच झाले. परंतु श्रेयांकामुळे प्रत्येक विद्यार्थ्याला प्रकल्प करावा लागतो, आणि मार्गदर्शनाविना झालेले हजारो प्रकल्प एकाच प्रश्नावलीच्या प्रती होऊन बसण्याची भीती आहे. गावातल्या बाईने तिच्या घरच्या शौचालयाविषयी पाचव्या तुकडीला पाचव्यांदा उत्तर द्यावे आणि तिच्या हाती काहीच पडू नये, ही त्या बाईच्या वेळेची उधळपट्टी आहे.

हे टाळण्याचे उपाय महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहेत. किमान पाच वर्षांसाठी एकच गाव किंवा वस्ती निवडावी आणि कामाचा क्रम ग्रामसभेत ठरवावा. प्रत्येक तुकडीने जुन्या तुकडीची वही वाचून काम सुरू करावे. भूगोल, इतिहास, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र आणि मराठी या विभागांनी आपापला भाग वाटून घ्यावा, म्हणजे विहिरीची पातळी, शिळेची नोंद, रानभाजीचे नाव, पाण्याची चाचणी, मजुरीचा हिशेब आणि ओवीचे संकलन ही कामे एकाच गावाच्या अभ्यासाची अंगे होतील. कार्यक्रम अधिकाऱ्याच्या कामाला अध्यापनाइतकेच वजन मिळावे, कारण आज हे काम बहुतेक ठिकाणी एखाद्या प्राध्यापकाच्या वैयक्तिक तळमळीवर चालते आणि त्याची बदली किंवा निवृत्ती झाली की थांबते. अहवालात लावलेल्या रोपांऐवजी जगलेल्या झाडांची संख्या मागावी. मागणी बदलली की कामही बदलेल.

सात दिवसांच्या शिबिराचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. एकत्र राहणे, एका पंक्तीत जेवणे, दुसऱ्याचे ताट घासणे आणि अनोळखी घरात पाणी मागून पिणे यांतून जे शिक्षण होते, ते वर्गात होत नाही, आणि जातीपातींनी विभागलेल्या समाजात त्याचे मोल फार मोठे आहे. पण ते शिक्षण विद्यार्थ्याचे असते. गावाचे देणे त्याने फिटत नाही. गावाने आपली शाळा, आपले पाणी, आपल्या स्मृती आणि आपला वेळ दिलेला असतो, आणि त्याची परतफेड उपयोगी पडणाऱ्या, गावाला वाचता येणाऱ्या, वर्षागणिक भरत जाणाऱ्या नोंदीने आणि निगा राखलेल्या कामानेच होऊ शकते. वर्षाअखेरीस ती वही ग्रामसभेत वाचून दाखवावी, गावकऱ्यांनी त्यातल्या चुका दुरुस्त कराव्यात, आणि पुढील वर्षाचे काम त्याच बैठकीत ठरावे. असे झाले तर पाहणीचा विषय असलेले गाव अभ्यासाचे भागीदार होईल. आणि त्या गावाने पुढच्या वर्षी आपणहून महाविद्यालयाला बोलावणे पाठवले, तर कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा तोच या उपक्रमाचा अधिक विश्वसनीय दाखला ठरेल.